दिवलीचा शेजार

सरकारी बागेच्या रोपवाटिकेत ताईंच्या ट्रेवरून बोट फिरवलं तर बोटाला फक्त माती लागे. काडी नाही, खडा नाही, आगंतुक पान तर औषधालासुद्धा नाही. माती आधी चाळायची, मग वाफवायची, निवली की बी टाकायचं, आणि बी उगवलं की रोज सकाळी तण काढायचं. खुरपं नावालाच, खरं काम अंगठ्याचं आणि शेजारच्या बोटाचं. त्यातही ताईंची एक रीत होती. एक तण, एक नाम. उपटताना देवाचं नाव ओठांत घ्यायचं आणि तण बादलीत टाकताना पुरं करायचं. सकाळी नऊ ते अकरा या वेळात हजारभर नामं सहज होत. बावीस वर्षं ही सेवा चालली होती आणि गेली अठरा वर्षं तपासणीत त्यांच्या शेडला पहिला क्रमांक होता. मनात कुठेतरी त्यांना वाटे, माणसांनी दिलेला हा क्रमांक देवानंही बघून ठेवला असेल.

त्यांच्या हाताखाली धाकटी होती. धाकटी म्हणजे चाळिशी ओलांडलेली, दोन लेकरांची आई; पण कामाला लागली तेव्हा शेडमध्ये सगळ्यांत लहान होती, म्हणून नाव पडलं ते पडलं. तण काढायला तिला ताईंनीच शिकवलं होतं. ताईंची नजर ज्या ट्रेवर पडे, तिथे धाकटीचा हात आधीच पोचलेला असे.

ताईंचे सासरे डोळ्यांना लावायचं पाणी करत. घराच्या पुढच्या खोलीत एक लांब टेबल, वर बाटल्या, एक जुनं तांब्याचं पातेलं आणि दोरीवर वाळत घातलेली गाळणीची फडकी, एवढंच त्यांचं दुकान. गल्लीत त्यांना डोळेवाले बाबा म्हणत. शिंपी यायचे, घड्याळजी यायचे, छापखान्यात मुद्रितं तपासणारे यायचे. पाण्यानं गुण येतो की नाही हे देव जाणे. पण थंडावा येतो आणि बाबांशी बोलून मन हलकं होतं, एवढं गिऱ्हाईक कबूल करायचं. पाणी करायला लागे ती दिवली. शहराबाहेरच्या खडकाळ उतारावर, जिथे माती वीतभरही नाही आणि वारा कधी थांबत नाही, तिथे आखूड गवतात ही वनस्पती येते. उंची वीतभर, फुलं नखाएवढी, पिवळी, आत जांभळी रेघ. झाडाच्या सावलीत येत नाही, नांगरलेल्या मातीत येत नाही, खत घातलं तर त्या वाटेलाच जात नाही. थंडी सरताना उगवते, उन्हं चढली की फुलते, बी सांडते आणि वर्षाच्या आत आपला कारभार आटोपते. बाबा पन्नास वर्षं ती कात्रीनं कापून आणत होते. तीन झाडांतली दोन कापायची, तिसरं बियांना सोडायचं; आणि उपटायचं तर कधीच नाही.

तो उतार दगडाच्या खाणीला दिल्याची बातमी आली. यंत्रं यायला पावणेदोन वर्षं होती. बागेच्या अधीक्षकांनी ताईंना बोलावलं. "आसपास दुसरीकडे ही वनस्पती कुठेच नाही," ते म्हणाले. "हाताशी दोन हंगाम आहेत. तुमच्या शेडमध्ये जगली तर जगली. नाहीतर बरणीत वाळलेलं बी आणि वर चिठ्ठी."

संध्याकाळी ताई घरी आल्या तर बाबा टेबलाशी बसूनच होते.

"बागेत लावणार म्हणे दिवली?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या नवऱ्यानं. घाबरत घाबरत."

आतून भांड्यांचा आवाज एकाएकी वाढला. सासरा आणि सून बोलत असताना मध्ये पडायचं नाही, हा ताईंच्या नवऱ्याचा लग्नापासूनचा नियम.

"लावणार," ताई म्हणाल्या. "आणि फुलवणारही."

"माझ्या आईनं कुंडीत लावली होती. मीही दोनदा लावून पाहिली. ती कुणाच्या घरी नांदत नाही, सूनबाई."

"सासर चांगलं मिळालं नसेल तिला."

बाबा हसले, पण मान हलवायची ती हलवलीच.

पहिल्या हंगामाला ताईंनी जीव ओतला. दिवलीच्या बियाला उगवण्याआधी थंडी खावी लागते, हे त्यांना वाचून कळलं होतं. बी ओल्या वाळूत कालवून त्यांनी फ्रिजमध्ये भाजीच्या खणात ठेवलं. नवऱ्यानं एकदा ते पुडकं नासलेलं काहीतरी समजून कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेलं होतं. ताईंच्या हाकेनं ते वाचलं, आणि तोही थोडक्यात वाचला. बी उतारावरूनच झाडून आणलेलं, त्यामुळे त्यात गवताचं बीही मिसळलेलं होतं. ट्रेमध्ये दोन्ही उगवलं. दिवलीची दोन गोल पानं वर आली, तशी शेजारी गवताची सुईसारखी पाती. ताई सकाळी येत, पाती तेवढी वेचून काढत. एक पातं, एक नाम. ट्रे आरशासारखे स्वच्छ. अधीक्षक दोनदा येऊन बघून गेले.

चार पानांवर रोपं थांबली. मग पिवळी पडली. ताईंनी पाणी कमी केलं, वाढवलं, ट्रे उन्हात नेले, सावलीत आणले. चिमूटभर खत दिलं तर ते ट्रे आधी गेले. तीनशे चाळीस रोपं होती. उन्हाळा लागला तेव्हा एकही नव्हतं. शेवटचं रोप त्यांनी चिमटीत धरून वर उचललं तर ते मुळासकट आपोआप हातात आलं, जसं काही त्याला कुणी धरूनच ठेवलेलं नव्हतं.

ती गोष्ट ताईंच्या मनातून जाईना. रविवारी त्या एकट्याच उतारावर गेल्या. तिथे दिवली ऐन बहरात होती. ना कुणाची वाफवलेली माती, ना कुणाचा पहारा. त्यांनी एक झाड निवडलं, भोवतालच्या गवत-मातीसकट चौकोनी ढेकूळ कापलं आणि पिशवीत घालून घरी आणलं.

स्वयंपाकघरात मोठ्या परातीत पाणी घेऊन त्या ढेकूळ धूत बसल्या होत्या, तेवढ्यात बाबा चहाला आत आले.

"हे काय? उपटलीस?"

"बाबा, ऐका तरी."

"पन्नास वर्षांत मी एक मूळ वर काढलं नाही! माझ्या आईनं बजावलं होतं, उपटू नकोस, शेजारणीला लागतं. आणि तू सरळ खणून घरी आणलीस?"

"शेजारणीला? कुठल्या शेजारणीला?"

"मला काय माहीत? आई म्हणायची. दयेची गोष्ट असेल. तिच्या सगळ्या गोष्टी दयेच्याच असायच्या."

ताई ढेकूळ पाण्यात हलवत राहिल्या. माती विरघळत गेली, तशी मुळं मोकळी झाली. दिवलीचं मूळ दोऱ्यासारखं, पांढरं. गवताची मुळं तपकिरी, जाळीदार. त्यांनी दोन्ही अलगद वेगळी करून पाहिली. होईनात. पुन्हा पाणी ओतलं, सुईनं सोडवून पाहिलं. जिथे जिथे पांढरा दोरा तपकिरी मुळाला भेटला होता, तिथे मोहरीच्या दाण्यापेक्षा बारीक अशी एक गाठ होती. एक नाही, वीस-पंचवीस. दिवलीनं गवताला धरलं होतं.

"बाबा, चष्मा लावा."

बाबांनी चष्मा लावला. मग तो काढून पुसला आणि परत लावला.

"म्हणजे ही त्याचं खाते?" ते हळूच म्हणाले.

"पान हिरवं आहे, ऊन तिचं ती खाते. पण पाणी आणि मातीतलं सत्त्व गवताकडून घेते. तिची स्वतःची मुळं तेवढी पोचतच नाहीत."

"चोरटीच की मग!"

"चोर असती तर गवत मेलं असतं. तुम्हीच सांगता ना, दिवली असते तिथलं गवत माजत नाही, आखूड राहतं, म्हणून मधूनमधून दुसरीही फुलं येतात?" बोलता बोलता ताई रडू लागल्या. परातीतल्या गढूळ पाण्याकडे त्या बघत राहिल्या. "बाबा, गवत मीच काढलं. एकेक पातं. वर देवाचं नाव घेत घेत. तिचा आधार रोज सकाळी मी उपटून बादलीत टाकत होते."

बाबा खुर्ची ओढून बसले. घरात सून आल्यापासून तिला रडताना त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि काय करायचं हे त्यांना ठाऊकही नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "देव म्हणाला असेल, ही बाई हाक तर मारतेय, पण मी उत्तर द्यायला आलो की मलाच उपटतेय."

ताई रडता रडता हसल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "हसू नका. खरंच तसं झालं."

त्या वर्षी बाबांनी एकही झाड कापलं नाही. गिऱ्हाइकांना सांगितलं, यंदा पाणी नाही, घरातलं थंड पाणी लावा, तेवढाच गुण येईल. टेबलावरच्या बाटल्या उलट्या घालून ठेवल्या. सगळं बी ताईंना मिळालं. खाणीची यंत्रं येण्याआधीचं ते शेवटचं बी.

सासऱ्यांपुढे ताईंनी सगळं कबूल केलं. धाकटीपुढे मात्र जीभ रेटली नाही. अठरा वर्षं जिला सांगत आले की तण म्हणजे आळस, तिला आता कोणत्या तोंडानं सांगायचं की पहिला हंगाम मी माझ्याच हातानं मारला? ताईंनी नुसतं सांगितलं, "या वेळी आधी गवत पेरायचं, त्यात दिवली. या सात ट्रेच्या रोपांना हात लावायचा नाही. गवत असू दे, त्याचं मी बघीन."

"पण ताई, गवत?"

"मी बघीन म्हटलं ना."

धाकटी गवताचं बी आणायला वळली. मोठ्या माणसाच्या मनात काय असेल ते असेल. सात ट्रे थंडीभर उघड्यावर राहिले. त्याच थंडीत उताराची माती गाडीनं ओढून नेली आणि खाली पांढरा दगड उघडा पडला. बाबा एकदाच बघायला गेले होते. आल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तुझे सात ट्रे कसे आहेत?"

सात ट्रे छान होते. गवत चार बोटं वाढलं आणि त्याच्या बुडाशी दिवलीची गोल पानं आली. चार झाली, सहा झाली, थांबली नाहीत. रोज सकाळी ताई दोन्ही हात मागे बांधून त्यांच्यासमोर उभ्या राहत. ती पाती उपटायला बोटं शिवशिवत, आणि त्या मनाला सांगत, बाई गं, आता तुझी सेवा एवढीच, की काही करू नकोस.

अशात ताईंच्या भाचीला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. तिच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. ताई दोन दिवस तिच्या उशाशी बसून राहिल्या.

तिसऱ्या दिवशी त्या शेडमध्ये आल्या तर धाकटी दारातच उभी. चेहरा फुललेला.

"ताई, काल अचानक तपासणी लागली! सकाळी निरोप आला, अकराला येणार म्हणून. म्हटलं, ताई नाहीत आणि हे सात ट्रे असे? अठरा वर्षांची अब्रू! सकाळपासून बसले. रोपाला धक्का नाही लावला हो, तुम्ही सांगितलं होतं तसं. एकेक पातं मुळापासून सोडवून काढलं. चारच ट्रे झाले तेवढ्यात साहेब लोक आले. उरलेल्या तीनमुळे नंबर गेला, पण मी माझ्याकडून..."

ताई पुढे गेल्या. चार ट्रे आरशासारखे स्वच्छ होते. काळी माती आणि तिच्यावर ओळीनं दिवलीची रोपं, सुटी, देखणी, एकेकटी.

ताई बाकावर बसल्या.

"चुकलं का काही?" धाकटीनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून उतरलं नव्हतं. उतरावं की नाही हे त्याला कळत नव्हतं.

ओरडायला ताईंनी तोंड उघडलंही होतं. पण त्या शब्दांआधी दुसरंच काहीतरी वर आलं. ही चूक कुणाची? या बाईच्या बोटांना हे कुणी शिकवलं? आणि का काढायचं नाही, हे तिच्यापासून कुणी लपवलं? स्वतःचा मोठेपणा राखायला आपण एक वाक्य गिळलं, आणि चार ट्रेनी त्याची किंमत दिली.

"बस इथे," ताई म्हणाल्या. "तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. एक वर्ष झालं राहून."

त्यांनी सगळं सांगितलं. परात, गाठी, तीनशे चाळीस रोपं, बादली. काही वगळलं नाही. धाकटी ऐकत गेली तशी तिचा हात तोंडावर गेला.

"आणि तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"माझी लाज? अहो, मी तुमच्या हाताखाली मिरच्यांची रोपं समजून अख्खा ट्रे धोत्रा वाढवला होता. तुम्हीच हसला होतात. माझ्यासमोर कसली लाज?" धाकटी उठली. रडत होती, पण उठली. "बादली अजून खताच्या खड्ड्यापाशीच आहे. ओली असेल. चला."

दोघींनी बादली जमिनीवर पालथी केली. तिसऱ्या ट्रेपर्यंतचं गवत सुकलं होतं, पण चौथ्याचं अजून तग धरून होतं. ते त्यांनी परत लावलं. बाकीच्या तिन्हींसाठी, हात न लागलेल्या तीन ट्रेमधून गवताचे टीचभर ठोंब कापून आणले. दुपारचं जेवण राहिलं. संध्याकाळी बाबा काठी टेकत आले आणि बाकावर बसून सूचना देऊ लागले. अर्ध्या सूचना चुकीच्या होत्या. दोघी मान हलवत आणि आपलंच करत.

चार ट्रेमधली बहुतेक रोपं गेली. पुन्हा धरलेली पांढरी मुळं आठ-दहाच निघाली. पण राखलेल्या तीन ट्रेमध्ये दिवली फुलली, पिवळी, नखाएवढी, आत जांभळी रेघ. अधीक्षकांनी तपासणीचा खुलासा मागवला होता, तो ताईंनी दोन ओळींत लिहिला: "गवत मुद्दाम ठेवलं आहे. ते का, हे मी माझ्या सहकारिणीला सांगितलं नाही, त्यामुळे झालेलं नुकसान माझ्या नावावर धरावं." अधीक्षकांनी तो वाचला, शेडमध्ये आले, फुलं पाहिली आणि म्हणाले, "फाटकाशी एक सुंदर वाफा करू. संगमरवरी खडी, मध्ये ही फुलं."

"साहेब, खडीत ती आठवडाभरही राहणार नाही," धाकटीच म्हणाली. "तिला गवतच लागतं. आणि फाटकाशी खत पडतं. पंपघराच्या मागे तो वाऱ्याचा बांध आहे ना, तिथे मातीही नाही आणि गवतही खुरटं. तीच जागा तिची."

साहेबांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी धाकटीकडे हात केला. "तिला विचारा. तिला आता माझ्याइतकंच कळतं."

उन्हाळा उतरताना बी पिकलं. पंपघरामागच्या बांधावर तिघांनी ते टाकलं. बाबांनी आयुष्यभर दिवली कापली होती. पेरली कधीच नव्हती. मुठीत बी घेऊन ते अवघडल्यासारखे उभे राहिले.

"कसं टाकायचं गं?"

"मीठ टाकतो तसं. चव तेवढी बघू नका."

दिवली बांधावर रुजली. पहिल्या वर्षी मोजून एकोणतीस, दुसऱ्या वर्षी मोजायचा कंटाळा येईल इतकी. बाबांची कात्री पुन्हा निघाली नाही; तिसऱ्या वर्षापर्यंत काही कापायचं नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि तिसऱ्या वर्षी ते पुढे ढकललं. फुलांच्या दिवसांत बागेत लोक येऊ लागले, इतर बागांतले माळी, शाळेतल्या बाई, कुणी नुसतेच हौशी. त्यांना बांध दाखवायचं काम धाकटीकडे आलं.

एकदा दहा-बारा माणसं जमली होती. एका माळ्यानं विचारलं, "तण काढत नाही तुम्ही?"

"काढलं होतं," धाकटी मोकळ्या आवाजात म्हणाली. "माझ्या या हातांनी चार ट्रे मारले. एकेक पातं सोडवून. म्हणून सांगते, तुम्ही तसं करू नका."

"तिचे चारच," मागून ताई म्हणाल्या. "तिच्या आधी मी अख्खा हंगाम मारला. आणि तो सांगितला नाही, म्हणून तिचे चार गेले. तेही माझ्याच नावावर धरा."

"ते कसे तुमच्या नावावर? उपटलं मी!"

"शिकवलं कुणी?"

"शिकवलंत म्हणून काय झालं, मला स्वतःचं डोकं नव्हतं?"

"अगं, पाहुण्यांसमोर तरी..."

माळी एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. बांधाच्या कडेला दगडावर बाबा बसले होते. त्यांनी काठीनं त्याला जवळ बोलावलं. "त्यांचं चालू दे. वर्षभर चालतं ते," ते म्हणाले आणि वाकून त्यांनी गवत बोटांनी हलकेच बाजूला केलं. "तू इकडे ये. खाली बस. असं वरून नाही दिसायची ती."